फूल पडलं, आता सही घेऊ का?

प्रश्न : ताई, औसा तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर. वडील गेले. धाकटी बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला तयार आहे, काही मागत नाही. आईनं देवीला कौल लावला, उजवं फूल पडलं. तरी मला झोप येत नाही. काय करू?
– एक शेतकरी, जि. लातूर

उत्तर : भाऊ, झोप येत नाही ना, तिथंच देवी बोलतेय असं मला वाटतं. मी तुळजापूरला पायी जाणारी बाई, कौलाला नावं ठेवणार नाही. पण भार देवीवर टाकला तरी सही घेणारा हात तुमचाच.

मीही सही केली होती. कचेरीत अंगठ्याची शाई पदराला पुसली; तो निळा डाग कितीतरी धुण्यांत गेला नाही. भावानं ‘अक्का, तुला काय हवं?’ असं विचारलं असतं तरी कदाचित मी सोडलंच असतं. त्यानं विचारलं नाही, ते अजून सलतं.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिलाय. आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं फिरत नाही. म्हणून बहिणीला बोलवा, एकटीला बांधावर बसवून हे सगळं सांगा. माहेर तुटेल या भीतीनं ती तयार झालीय का, तेही विचारा. उत्तराची घाई करू नका, दिवाळी जाऊ द्या. तिनं हो-नाही करत पदराशी चाळा केला, तर सातबाऱ्यावर तिचं नाव लागू द्या. आईला मी काय सांगू म्हणाल, तर ती दरसाल लेकीची ओटी भरतेच की.