आधी छेद, मग काटाकाट: राशी कुठे अव्याख्यात होते?

जुळे सोलापूरहून लिहिणाऱ्या अकरावीच्या मित्रा, तुझं दुखणं जुनंच आहे. (क्ष² − ९)/(क्ष² − क्ष − ६) ही राशी कुठे अव्याख्यात आहे, या प्रश्नाला तू फक्त क्ष = −२ लिहिलंस आणि निम्मे गुण गेले. क्लासमध्ये विचारलंस तर "आपल्या पद्धतीने बरोबरच आहे" म्हणून वाटेला लावलं. छेद शून्य झाला की राशी अव्याख्यात, हे तुला येतं. अवयवही तू बरोबर पाडलेस. ते सांगत बसत नाही.

घोटाळा एका ओळीत आहे. (क्ष − ३)(क्ष + ३)/[(क्ष − ३)(क्ष + २)] इथे पोचलास, वरखाली (क्ष − ३) दिसलं, ते उडवलंस, आणि उरलेल्या (क्ष + ३)/(क्ष + २) चा छेद तपासलास. तिथे ३ सापडणार कसा? खड्ड्याजवळची पाटी काढली म्हणून खड्डा बुजत नाही. काट मारणं म्हणजे अंश आणि छेद दोन्हींना (क्ष − ३) ने भागणं, आणि हा भागाकार क्ष = ३ ला करताच येत नाही. म्हणून संक्षिप्त रूप मूळ राशीइतकंच खरं, पण क्ष ≠ ३ ही अट सोबत असेल तरच. उत्तर: ३ आणि −२, दोन्ही.

पटत नसेल तर घरच्या कॅल्क्युलेटरवर मूळ राशीत २.९९ घाल. अंश −०.०५९९, छेद −०.०४९९, भागाकार १.२००४ च्या आसपास. आता नेमके ३ घाल: वर शून्य, खाली शून्य, आणि पडद्यावर एरर. दोन्ही ठिकाणांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. −२ जवळ किंमत आवाक्याबाहेर जाते, आलेखाला उभी अनंतस्पर्शी रेषा मिळते, म्हणजे आलेख जिच्या जवळ जात राहतो पण जिला टेकत नाही अशी रेषा. ३ जवळ किंमत मुकाट १.२ कडे सरकते आणि आलेखात फक्त एक बिंदू गळतो. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच मोबाइलवरचा आलेख बघून उत्तर लिहू नये. पुढे सीमा (लिमिट) शिकशील तेव्हा याच गळलेल्या बिंदूवर सगळा धडा उभा असतो.

"आधी सोपं रूप द्या, मग छेद बघा" हा शॉर्टकट नोट्समध्ये चौकट आखून देणाऱ्या क्लासबद्दल काय बोलावं! फी भरून चुकीची सवय विकत घ्यायची आणि ती मोडायला पुन्हा वर्ष घालवायचं. असो. गुण कसे कापतात ते तपासणाऱ्यावर असतं, त्याबद्दल मी छातीठोकपणे सांगणार नाही. गणित मात्र वर सांगितलं तसंच आहे.

याहून जास्त फसवतो तो भागाकार. (क्ष + १)/(क्ष − ४) ÷ (क्ष − २)/(क्ष + ५) घे. दुसरा अपूर्णांक उलटा केला की (क्ष + ५) वर जातं आणि मुलं −५ विसरतात. ४ आणि −५ हे मूळ छेदांमुळे बाद. २ सुद्धा बाद, कारण तिथे भाजकच शून्य होतो. म्हणजे भागाकारात दुसऱ्या अपूर्णांकाचा अंश आणि छेद दोन्ही तपासायचे, उलटा करण्यापूर्वी. मजल्यांच्या अपूर्णांकातही तेच: १/(१ − १/क्ष) सोपं केलं की क्ष/(क्ष − १) मिळतं आणि फक्त १ दिसतो, पण आतल्या छेदामुळे ० सुद्धा जातो.

दोन किरकोळ गोष्टी. छेद क्ष² − ५क्ष असेल तर क्ष ने भागून क्ष = ५ लिहू नकोस, ० हातचा जाईल; क्ष सामाईक काढ. आणि छेद क्ष² + ४ असेल तर ±२ लिहायचा मोह आवर: वास्तव संख्यांमध्ये तो कधीच शून्य होत नाही, तेव्हा "कुठेही अव्याख्यात नाही" हेच पूर्ण उत्तर.

अटी पहिल्या ओळीलाच, काटाकाटीच्या आधी लिहीत जा. समीकरणातही त्या कामाला येतात: क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) सोडवलं की क्ष = ३ येतं, पण तीच किंमत बाद असल्याने उकलच नाही.

शाब्दिक उदाहरणात अव्याख्यात आणि अशक्य यांची गल्लत करू नकोस. सोलापूर ते पुणे साधारण २५० किमी. जाताना वेग ताशी क्ष किमी, येताना क्ष − १० धरला तर एकूण वेळ २५०/क्ष + २५०/(क्ष − १०). ही राशी अव्याख्यात फक्त ० आणि १० ला. क्ष = ५ ला तिची किंमत ० येते, काहीही बिघडत नाही; पण परतीचा वेग −५ निघतो, आणि तशी गाडी कुठल्याच स्टँडवर लागत नाही. म्हणून तिथे क्ष > १० ही अट वेगळी लिहायची, आणि ती छेदातून नव्हे, प्रश्नाच्या अर्थातून येते.