ठोसा चुकल्यावर पाय कुठे असतात?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नव्या प्रशिक्षकाकडे गेल्यापासून अमेरिकन हेवीवेट बॉक्सर डिऑन्टे वाइल्डर नुसता ठोसेबाज राहिला नाही, बॉक्सिंग शिकला, असं सगळे म्हणत होते. ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत तो पोटावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना दिसला, हेलेनियसला तर त्याने पहिल्याच फेरीत झोपवलं. मग पार्कर आणि झांग यांच्यासमोर काय झालं? सुधारणा खरी होती की नाही?

थोडी खरी होती, पण ती नवी नव्हती. जानेवारी २०१५ मधली बर्मेन स्टिव्हर्नविरुद्धची लढत काढून बघा. तोवरच्या ३२ लढतींत वाइल्डरला एकदाही चौथ्या फेरीच्या पुढे जावं लागलं नव्हतं. त्या रात्री तो पूर्ण बारा फेऱ्या खेळला, लांबलचक डाव्या हाताने सतत जॅब मारत राहिला आणि ११८-१०९, ११९-१०८, १२०-१०७ अशा गुणांनी डब्ल्यूबीसीचा (जागतिक बॉक्सिंग संघटनांपैकी एक) किताब घेऊन गेला. म्हणजे जॅब त्याच्याकडे होताच. पुढच्या काही वर्षांत तो गंजला.

गंजण्याचं कारण त्याचा उजवा हातच. जॅब हळूहळू माप घेण्यापुरता उरला. डावा हात समोर धरून ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याची नजर अडवायची आणि मागून उजवा सोडायचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये लुइस ऑर्टिझविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांकडे तो मागे होता. सातव्या फेरीत एक उजवा बसला आणि लढत संपली. एका ठोशात काम होत असेल तर बाकीच्या अकरा फेऱ्यांचा अभ्यास कोण करणार?

फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीने त्याला सातव्या फेरीत मोडलं, तेव्हा त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्या लोकांनी हार मानली. त्यानंतर त्याने मलिक स्कॉटला प्रशिक्षक केलं. याच स्कॉटला वाइल्डरने २०१४ मध्ये पहिल्याच फेरीत हरवलं होतं. ऑक्टोबर २०२१ च्या तिसऱ्या लढतीत पोटावरचे जॅब दिसले आणि ते डोकं चालवून आखलेले होते. फ्युरीचं डोकं सतत हलत असतं, पण १२६ किलोंचं धड तितकं हलत नाही. पोटावर चार जॅब बसले की गार्ड (बचावासाठी चेहऱ्यासमोर धरलेले हात) खाली यायला लागतो आणि वरून येणाऱ्या उजव्यासाठी दार उघडतं.

गोची अशी की पोटावर जॅब मारायचा तर दर वेळी गुडघे वाकवून खाली जावं लागतं. दोन मीटर उंचीच्या माणसाला हे महागात पडतं, त्यात त्या दिवशी तो जवळपास १०८ किलोंचा होता, म्हणजे तोवरचा त्याचा सर्वांत जड. तिसऱ्या फेरीत तो खाली पडला आणि मग पहिले पाढे पंचावन्न : उजवा कमरेपासून निघालेला, डावा खाली लोंबणारा, पाय एका रेषेत. चौथ्या फेरीत त्याने फ्युरीला दोनदा पाडलं हे खरंच आहे. पण ते त्या जुन्याच उजव्याने. अकराव्या फेरीत फ्युरीने लढत संपवली.

आमच्या मते सुधारणेचा खरा पुरावा रॉबर्ट हेलेनियसवरचा ठोसा आहे (ऑक्टोबर २०२२). मागे सरकत असताना मारलेला, आखूड, पाय अंगाखाली असलेला उजवा. पूर्वीचा वाइल्डर तिथे झेपावला असता. पण पहिली फेरी संपायला तीन सेकंद उरले असताना संपलेल्या लढतीवरून दमलेल्या अवस्थेतलं काही कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रियाधला जोसेफ पार्करसमोर ते कळलं. उजवा आता उधळायचा नाही, एवढं तो शिकला होता. त्याच्या जागी काय करायचं, हे मात्र शिकला नव्हता. योग्य क्षणाची वाट बघत तो बारा फेऱ्या उभा राहिला आणि ११८-१११, ११८-११०, १२०-१०८ असा हरला. जून २०२४ मध्ये झांग झिलेईने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. एक वाईट सवय गेली, पण जागा रिकामीच राहिली. याला आम्ही अर्धी सुधारणा म्हणू. जून २०२५ मध्ये टायरेल हर्नडनला त्याने सातव्या फेरीत थांबवलं, पण त्या पातळीच्या प्रतिस्पर्ध्यावरून आमचं मत बदलत नाही.

प्रश्न : लढत बघताना 'हा सुधारलाय' हे कशावरून ओळखायचं? समालोचक तर दर फेरीत उलटसुलट बोलतात.

आवाज बंद करा. पहिली, पाचवी आणि नववी अशा तीन फेऱ्या निवडा आणि ठोसा बसला की नाही हे बघूच नका. बघायचे ते चुकलेले ठोसे. प्रत्येक चुकलेल्या उजव्यानंतर चित्र थांबवून तीन गोष्टी टिपा. मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून गेला का? हात गालाशी परतला की मांडीजवळ लोंबतोय? आणि पुढच्या एका सेकंदात तो त्याच रेषेवर उभा आहे की बाजूला सरकलाय? पहिल्या फेरीत दहापैकी आठ वेळा सगळं नीट आणि नवव्या फेरीत दहापैकी दोन वेळा, असा हिशेब आला तर शिकवलेलं डोक्यात गेलंय, अंगात उतरलेलं नाही.

जॅब मोजायचेच असतील तर ज्यामागे दुसरा ठोसा आला किंवा ज्याने समोरचा मागे हटला, तेवढेच मोजा. हवेत चाळवलेला डावा हात धरू नका. हुलकावणीचंही तसंच : खांदा हलल्यावर समोरच्याचा गार्ड हलला तर हुलकावणी, नाहीतर नुसतीच अंगाची चाळवाचाळव.

सरावातल्या पॅडवर्कच्या (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर ठोसे मारण्याच्या) चित्रफिती बघून मत बनवू नका. पॅड धरणारा ठोसा येईल तिथे पॅड नेतो, आणि उलट मारतो तेही आधी ठरवून. त्यात कुणीही देखणा दिसतो.

प्रश्न : तिशीच्या आसपासचा जबर ठोसेबाज खरोखर बदलल्याचं एखादं तरी उदाहरण आहे का?

युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिच्को. २००३ मध्ये कोरी सँडर्सने त्याला दुसऱ्या फेरीत, २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरने पाचव्या फेरीत थांबवलं. ब्रूस्टरच्या लढतीपासून प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड त्याच्या कोपऱ्यात होता. स्टुअर्डने ठोसा वाढवला नाही, उलट धोका घटवला. लांबून जॅब, त्यामागे एकच उजवा आणि प्रतिस्पर्धी आत घुसला की लगेच मिठी मारून आपलं वजन त्याच्या मानेवर टाकायचं. परीक्षा झाली सप्टेंबर २००५ मध्ये. सॅम्युएल पीटरने त्याला तीनदा पाडलं, पण प्रत्येक वेळी उठून तो पुन्हा जॅबवर आला आणि तिन्ही परीक्षकांकडे ११४-१११ असा जिंकला. पडल्यानंतरही जे टिकतं ते कौशल्य. २००६ ते २०१५ त्याने किताब राखला. बघायला कंटाळवाणं होतं, हे आम्हालाही मान्य आहे.

प्रश्न : वजन वाढवल्याने ठोसा वाढतो का?

थोडासा, आणि तोही पाय ते वजन पेलत असतील तर. वाइल्डर फ्युरीशी पहिल्या लढतीत सुमारे ९६ किलोंचा होता आणि बाराव्या फेरीतही त्याने फ्युरीला पाडलं. दुसऱ्या लढतीत तो सुमारे १०५ किलोंचा होता, आणि पाय लवकर गेले. (त्याने दोष रिंगणात येतानाच्या अवजड पोशाखाला दिला. असो.) त्याचा ठोसा वेगातून आणि लांबीतून येतो. त्याला आणखी मांस नको, पायांखालची बैठक हवी.

प्रश्न : मी हौशी हेवीवेट आहे. उजवा जोरात आहे, पण चुकला की मी तोंडावर पडायच्या बेतात असतो. पंचिंग बॅगवर मात्र सगळं उत्तम जमतं. काय करू?

बॅगवर जमतं, कारण बॅग तुम्हाला धरून ठेवते. ठोसा लागताच पुढे गेलेलं वजन ती पेलते आणि चूक झाकली जाते. म्हणून काही आठवडे ताकदीचे ठोसे बाजूला ठेवा आणि चुकण्याचाच सराव करा.

जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ मारा. डावा पाय रेघेच्या एका बाजूला, उजवा दुसऱ्या बाजूला, मध्ये खांद्याएवढं अंतर. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, हवेतच जॅब आणि उजवा, ताकद निम्मी. उजव्या पायाची टाच उचलून फिरली पाहिजे, पण पाय रेघ ओलांडता कामा नये. ओलांडला तर ठोसा खांद्यातून ढकलला जातोय, नितंबातून फिरत नाहीये. कोपर बाहेर उघडत असेल तर उजव्या काखेत एक ग्लव्ह धरून सुरुवात करा : उजवा निघाल्यावरच तो पडला पाहिजे, आधी पडला तर कोपर लवकर सुटलंय.

दुसऱ्या आठवड्यापासून पॅड धरणाऱ्याला सांगा की दर चार-पाच उजव्यांमागे एकदा, न सांगता, पॅड शेवटच्या क्षणी काढून घ्यायचं. इथेही ताकद निम्मीच, नाहीतर हवेत ताणल्या गेलेल्या कोपराला इजा होते. प्रत्येक उजव्यानंतर त्याने दुसऱ्या पॅडने तुमच्या उजव्या कानाकडे हलकेच हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) मारायचा. पॅड कानाला लागलं की हात परतलेला नव्हता, वाद घालायला जागा नाही.

त्यानंतर स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत), १६ औंसांच्या ग्लव्हने. पहिली फेरी फक्त जॅबची. दुसरीत उजवा चालेल, पण दोन जॅबनंतरच आणि मारून झाल्यावर डावीकडे एक पाऊल टाकायचंच. उजवा मारून तिथेच उभे राहिलात तर प्रशिक्षकाने उरलेली फेरी पुन्हा जॅबची करावी. बॅगवर पूर्ण ताकदीने परत जायची घाई नको. दमल्यावर, शेवटच्या फेरीतही चुकलेल्या उजव्यानंतर पाय जागेवर राहायला लागले की जा, आणि गेल्यावर बॅगेपासून एक वीत जास्त लांब उभे राहा, म्हणजे तिच्यावर रेलता येणार नाही.