फिब्युलावरची खूण

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कृत्रिम हातपायांविषयीच्या तुझ्या पत्रात मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या विद्युतसंकेतांवर चालणारा हात, आणि मायक्रोप्रोसेसरचा गुडघा यांवर तू दोन पाने लिहिलीस, आणि प्लास्टरचे काम एका ओळीत, तेही कंटाळून उरकलेस. म्हणून आज प्लास्टरविषयीच लिहितो.

गुडघ्याखाली पाय कापल्यावर उरलेल्या भागावर, म्हणजे स्टंपवर, पातळ मोजा चढवून आपण न पुसणाऱ्या पेन्सिलीने हाडांच्या जागा आखतो. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या की त्या खुणा साच्याच्या आतल्या बाजूस उमटतात आणि साच्यात प्लास्टर ओतून निघालेल्या भरीव ठोकळ्यावरही उतरतात. कसब तिथून पुढे लागते. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा भार सोसते, म्हणून ठोकळ्यावर तिथले प्लास्टर खरवडायचे. नडगीची धार आणि फिब्युलाचे, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचे, डोके भार सोसत नाही, म्हणून तिथे भर घालायची. मग त्यावर तापवलेले पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक ओढले की सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, तयार होते. उमेदवारीच्या काळात मी घाईघाईत फिब्युलावर भर कमी घातली होती, आणि त्या शेतकऱ्याने तीन आठवड्यांत तो पाय माळ्यावर टाकून पुन्हा कुबड्या घेतल्या.

हीच खरवड आता स्कॅन घेऊन संगणकाच्या पडद्यावर करता येते, आणि सॉकेट थ्रीडी प्रिंटरवर छापताही येते. सुरुवातीच्या महिन्यांत स्टंप आक्रसत जातो, त्यामुळे आधीचा आकार संगणकात जपून ठेवता येणे ही मोठीच सोय आहे, आणि ती तू जरूर शिकून घे. मात्र स्कॅनरला त्वचा दिसते. हाड बोटांनीच चाचपावे लागते.

तुझ्या आवडत्या हाताचेही तेच आहे. स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारा अत्यंत क्षीण विद्युतसंकेत त्वचेवरचे इलेक्ट्रोड टिपतात आणि त्यावर मोटार बोटे मिटते किंवा उघडते. सॉकेट जरा सैल पडून इलेक्ट्रोड त्वचेपासून सुटला, की एवढा महागडा हात भलत्याच वेळी उघडतो नाहीतर उघडतच नाही.

जयपूर फूटचा इतिहासही या नजरेने वाच. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकडापासून ते पाऊल घडवले, त्यात मोटार नव्हती. पण घोटा सर्व बाजूंनी लवत असल्याने उकिडवे बसता येई आणि चिखलातून अनवाणी चालता येई. तोवर मिळणारी पावले बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बेतलेली होती, हे मला आजही मोठ्या विस्मयाचे वाटते.

पहिली चाचणी घेशील तेव्हा रुग्णाला थोडे चालवून सॉकेट काढ आणि त्वचा पाहा. भार सोसणाऱ्या जागी लाली असणारच, ती 10-15 मिनिटांत ओसरली पाहिजे. नडगीवर किंवा फिब्युलावर ती टिकून राहिली, तर रुग्ण "ठीक आहे" म्हणाला तरी पाय घरी देऊ नकोस. पहिल्या ठोकळ्याचे फोटो मला पाठव, फिब्युलाच्या बाजूचा आधी.

तुझा,
जुना शिक्षक