हजेरीची सक्ती नेमकी कुणावर?

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की हजेरीबद्दलची पत्रं वाढतात. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरांतली कलमं शिक्षण हक्क कायद्याची, म्हणजे 2009च्या आरटीईची. हा कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे आणि 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंत आहे.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. टायफॉइडमुळे पाच आठवडे शाळा बुडाली. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली तर पटावरून नाव कमी करू, असं शाळा म्हणते. (पालक, सांगली)

नाव कमी करता येणार नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं कलम 16 सांगतं. 75 टक्क्यांची अट बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असते. ती सहावीच्या पालकांना दाखवून धाक घालायची काही शाळांना सवयच लागली आहे.

रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट मुख्याध्यापकांकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गरज असेल त्या मुलाला जादा शिकवणं हे कलम 24प्रमाणे शिक्षकाचं कर्तव्य आहे, तेही अर्जात मागून ठेवा. मुलगा पाचवीत किंवा आठवीत असता तर अभ्यासाची घाई करा म्हटलं असतं. त्या इयत्तांना राज्यात पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात ठेवता येतं. शाळेबाहेर मात्र तेव्हाही काढता येत नाही.

प्रश्न : दिवाळी झाली की आमच्या शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालकांना दंडाची नोटीस काढता येईल का? (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा)

नाही, गुरुजी. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम 10 म्हणतं आणि तिथेच थांबतं; शिक्षा काही सांगत नाही. प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, याची जबाबदारी कलम 8 आणि 9ने सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा तर तिथे वेगळा उल्लेख आहे. तेव्हा नोटीस निघायचीच असेल तर ती तुमच्या जिल्हा परिषदेच्या नावाने निघायला हवी, टोळीबरोबर निघालेल्या बापाच्या नावाने नाही.

दंडाचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1893मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906मध्ये ते बडोदे संस्थानभर नेलं. शाहू महाराजांनी 1917मध्ये करवीर संस्थानात कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. हा रुपया सगळ्यांना आठवतो, त्यासोबत महाराजांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या ते कुणी सांगत नाही. महाराष्ट्र सरकारने 1992पासून रुपया उलटा फिरवला आणि दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, वर्षाला फार तर 220. वर्षानुवर्षं तो एका रुपयाच्या वर सरकला नाही. त्यावर न बोललेलंच बरं.

तुमच्याकडचं दुखणं वेगळं आहे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं पहाटेच उसाच्या फडात गेली की कोपीवर, म्हणजे झोपडीवर, तान्ह्याला सांभाळायला उरते ती दहा वर्षांची थोरली. तिला गावात ठेवायचं तर कुणाजवळ, तिच्या जेवणाचं काय, या प्रश्नाला दंड हे उत्तरच नाही. दंड भरायची वेळ आलीच तर तो पुढच्या उचलीतून जाईल.

हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे सप्टेंबरमध्येच, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. समितीत 75 टक्के पालक असतात, त्यामुळे कोण कोण जाणार ते तिथेच कळतं. हंगामी वसतिगृहाचा ठराव करून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. मूल आजीजवळ गावातच राहिलं आणि दोन वेळच्या जेवणाची सोय झाली की बरेच पालक मागे ठेवायला तयार होतात. जी जाणारच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ती बसवून घेता येतील.

आणखी एक, जरा कडू. नोव्हेंबरच्या हजेरीपटावर एकाच नावापुढे ओळभर ‘गै’ लिहिताना शिक्षकाचा हात अडतो. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची मंजुरी, आणि संचमान्यतेवर पद अवलंबून असतं, हे मला कळतं. पण महिनाभराहून जास्त सलग गैरहजर असलेलं मूल राज्याच्या सर्वेक्षणात शाळाबाह्य धरलं जातं. हजेरी भरलेली असेल तर ते सर्वेक्षणात येत नाही आणि मग वसतिगृह मागायला तुमच्याजवळ आकडाच उरत नाही. 2011च्या ऑक्टोबरमधल्या पटपडताळणीत पटावरची खोटी नावं राज्यभर कशी उघडी पडली ते तुम्ही विसरला नसाल. ‘गै’च लिहा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं आहे. हा गुन्हा ठरतो का? (आई-वडील, पुणे)

गुन्हा नाही, पण कायद्याची स्पष्ट मान्यताही नाही. आरटीईत घरच्या शिक्षणाचा पर्याय 2012च्या दुरुस्तीने आला, तोही तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांपुरता. बाकीच्यांबद्दल कायदा गप्प आहे आणि त्या गप्प बसण्यावरच घरशाळा चालते. पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा किंवा दहावीला 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा), हे रस्ते आहेत. शाळेत परत जावंसं वाटलं तर कलम 4प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी दारात आलं तर खरं ते सांगा. शिकवण्याचा बेत पक्का नसेल आणि नुसता शाळेचा वैताग आला असेल, तर आधी शाळा बदलून बघा, असं मी म्हणेन.

प्रश्न : शेजारच्या बांधकामावर कलबुर्गीहून आलेली नऊ वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेलेली नाही. शाळा म्हणते जन्मदाखला आणा, शिवाय प्रवेश बंद झालेत. (वाचक, पिंपरी)

दोन्ही कारणं चालणार नाहीत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये (कलम 14), मुदत उलटून गेली म्हणूनही नाकारू नये (कलम 15). तिला वयाप्रमाणे वर्ग मिळेल आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. मुख्याध्यापकांना भेटताना तिच्या आईला सोबत न्या. तरी अडवलं तर नकार लेखी मागा. तो सहसा कुणी देत नाही, प्रवेश देतात.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. दीराच्या लग्नासाठी दोन्ही मुलांना शाळा चालू असताना आठवडाभर नागपूरला आणायचं आहे. दंड होतो म्हणतात, खरं का? (वाचक, लेस्टर)

खरं आहे. तिथे सक्तीचा रोख पालकांवर आहे. विनापरवाना पाच दिवस बुडाले की नोटीस येऊ शकते. 21 दिवसांत भरल्यास 80 पाउंड, त्यानंतर 28व्या दिवसापर्यंत 160, आणि तेही प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. तुमच्या घरात चार नोटिसा, म्हणजे लवकर भरूनही 320 पाउंड. मुख्याध्यापकांकडे आधी लेखी परवानगी मागा, पण ती अपवादात्मक कारणासाठीच देतात आणि लग्न त्यात बसेलच असं नाही. तारीख अजून पक्की झाली नसेल तर नाताळच्या सुट्टीत मुहूर्त निघतो का, ते सासूबाईंना विचारून बघा.