कृषी विद्यापीठाच्या संशोधनाचा आणि गावातल्या कार्यक्रमांचा शेतकऱ्याला खरंच उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "विद्यार्थी गावात येतात, रांगोळीनं नकाशा काढतात, फोटो काढून जातात." ते वाचून राहवलं नाही. उपयोग होतो. मला झालाय.

मंगळवेढा तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू. खालची चार काळीभोर, वरची तीन बरड. सगळीकडे मालदांडी ज्वारीच. खाली कणीस मुठीत मावायचं नाही आणि वर निसवायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या वेळेलाच ओल संपायची, दाणा पोचट. घरात सगळे म्हणायचे, वरच्या पट्टीचं नशीबच तसं.

सात-आठ वर्षांमागं शेवटच्या वर्षाच्या चार कृषिकन्या, म्हणजे कृषी कॉलेजच्या विद्यार्थिनी, गावात राहायला होत्या. त्यातली एक माझ्याबरोबर रानात आली, पहार मागितली आणि वरच्या पट्टीत तीन जागी खणलं. वीतभर माती, की पहार खणकन मुरमावर. खाली कमरेएवढं खणलं तरी काळीच. मग तिनं ज्वारीच्या वाणांबद्दल राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस सांगितली: 30 सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीत फुले अनुराधा, 60 पर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा. अनुराधा लवकर येते, म्हणजे ओल आहे तोवर दाणा भरून घेते. ना जादा खत, ना महागडं औषध. मातीची खोली मोजून वाण निवडायचा. वीस वर्षं त्या रानात मी भांगलतेय, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

थोरले भाऊजी म्हणाले, "कालच्या पोरी आम्हाला जमीन शिकवणार?"

मी अनुराधाचं बियाणं आणलं, वरच्या एका एकरापुरतं. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळलं, आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवल्या. त्या साली परतीचा पाऊस लवकर गेला. डिसेंबरात शेजारची मालदांडी पोटरीतच अडकलेली, कणीस बाहेरच नाही, आणि माझ्या एकरात हुरड्याचा दाणा. कणीस चोळून भाऊजींच्या हातावर ठेवलं. खाल्लं, बोलले काही नाहीत. त्या एकरात चार पोती झाली, आधी दीड व्हायची.

तरी आजही ते म्हणतात, मालदांडी आपली, बाकी सगळं विद्यापीठाचं. त्यांनी मालदांडीच्या बियाण्याच्या पिशवीवरचा 35-1 हा आकडा कधी बघितलाय का? गावरान मालदांडीतून निवड करून तो वाण 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर काढला. तेव्हा राहुरीचं विद्यापीठ नव्हतं, ते 1968 चं. काम सरकारी शेतकी खात्याचं होतं. पण बी शेतकऱ्याचं आणि निवड संशोधकाची, हे तेव्हापासून चालत आलंय. ज्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण मिरवतो, तिच्यामागंही संशोधन आहेच. हे मला त्यांना चार माणसांत सांगायचं होतं, राहून गेलं.

आता दुसरी बाजू. अनुराधाचा कडबा आमच्या रानात कमी निघाला, जनावरं जास्त असतील तर विचार करा. खालच्या काळीत मी अजून मालदांडीच पेरते, भाकरी तिचीच. ज्वारीचा भाव कुठलं विद्यापीठ ठरवत नाही. आणि त्या पोरींच्या कॉलेजातून पुढच्या साली कुणी विचारायलासुद्धा आलं नाही की बाई, त्या एकरात काय झालं. याचा मला राग आहे. नोंदवही घेऊन मी तयार होते. नुसते फोटो म्हणता ते इथं खरं ठरतं.

तुमच्या गावात मुलं आली तर त्यांना मंदिरात बसवून भाषण ऐकू नका, रानात न्या, हातात पहार द्या. मुलगी असेल तर आधी द्या. चुलत दीर अजून वरच्या पट्टीत मालदांडीच पेरतो. यंदा पेरणीआधी त्याच्या बांधावर मीच पहार घेऊन जाणार आहे.