अमेरिकेत सेमिनरी (पास्टर होण्यासाठीचं धर्मशिक्षण) करायचीय, डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरी की वेस्टमिन्स्टर थिऑलॉजिकल सेमिनरी? दोन्ही कन्झर्व्हेटिव्ह आहेत, मग फरक काय?

बायबल निर्दोष आहे हे दोन्हीकडे मानतात, पण म्हणून दोन्ही सारख्या समजू नका. डॅलस १९२४ ची, तिथं डिस्पेन्सेशनल विचार, म्हणजे इस्राएल आणि चर्च वेगवेगळे धरतात. वेस्टमिन्स्टर १९२९ ची, प्रिन्स्टन सेमिनरी उदारमतवादाकडे झुकतेय म्हणून तिथले प्राध्यापक मेचन बाहेर पडले आणि फिलाडेल्फियात ही काढली, ती रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतली, वेस्टमिन्स्टर कन्फेशन या विश्वासाच्या लेखी मांडणीवर चालणारी, त्यात लहान बाळांचा बाप्तिस्माही आला. तुमचं चर्च बॅप्टिस्ट, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा न देणारं, असेल तर हा मुद्दा किरकोळ नाहीये, पुढे ऑर्डिनेशनच्या (पास्टर म्हणून दीक्षेच्या) वेळी तोच आडवा येऊ शकतो, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी आपल्या पास्टरशी बसून बोला खरंच.

वेबसाइटवरचं 'आमचा विश्वास' पान सगळ्यांचंच छान असतं, त्यापेक्षा शिक्षकांना कशावर सही करावी लागते ते विचारा. सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीत सुरुवातीपासून, म्हणजे १८५९ पासून, प्राध्यापक 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ऑफ प्रिन्सिपल्स' या विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सही करत आलेत, असं काहीतरी ठोस हवं.

आणि बायबलच्या मूळ भाषा, ग्रीक-हिब्रू, किती सेमिस्टर आहे ते नक्की बघा, यात तडजोड नको. डॅलसचा टीएचएम (मास्टर ऑफ थिऑलॉजी) चार वर्षांचा आहे, एमडिव्ह (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पास्टरांची नेहमीची पदवी) साधारण तीन, खर्चाचा हिशोब त्यावरून करा.