ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांचे तारण, म्हणजे पापातून सुटका, होते का?

होऊ शकते, असे माझे ठाम मत आहे. आणि ज्याचे होते त्याचे ते ख्रिस्तामुळेच होते, त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो. येशूच्या कितीतरी शतके आधीच्या अब्राहामाला येशूचे नाव ठाऊक नव्हते, तरी त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मांडले आहे. दूरच्या बेटांवरील लोकांविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण माझ्यापुढे हा प्रश्न आला तो सोलापुरात, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून.

आम्ही पूर्व भागात राहत होतो. शेजारच्या पद्मशाली कुटुंबातील कर्त्या बाईंना आम्ही सगळी मुले अक्का म्हणत असू. अक्का बिड्या वळत. माझी आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली आणि वडील कामासाठी परगावी होते, तेव्हा अक्का घरचे आवरून आमच्याकडे येत आणि तंबाखूच्या भुकटीने आईला खोकल्याची उबळ येते म्हणून सूप घेऊन उंबऱ्याबाहेर बसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे हे सगळे हातांनी चालू असे. नजर मात्र आईवर. आईने कूस बदलली की त्या हात धुऊन आत येत, कपाळावरची पट्टी बदलत आणि पुन्हा जाऊन बसत. बिडीची मजुरी हजारावर मिळते. त्या दिवसांत त्यांची किती मजुरी बुडाली, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

पुढे काही वर्षांनी अक्का वारल्या. त्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. माझे थोरले चुलते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, एक पुढारी होते आणि पवित्र शास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. आईला रडू आवरत नाही हे दिसत असतानाही ते म्हणाले, की बाई भली होती, पण तारणावाचून गेली. आधार म्हणून त्यांनी बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातले प्रेषित पेत्राचे बारावे वचन पुढे केले: ज्याने तारण व्हावे असे दुसरे नाव आकाशाखाली नाही. मी दहावा अध्याय काढला. तेथे तोच पेत्र शताधिपती कर्नेल्याच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या एका रोमी लष्करी अधिकाऱ्याच्या, घरी सांगतो, की देव पक्षपाती नाही. कोणत्याही राष्ट्रातील जो त्याचे भय बाळगतो आणि नीतीने वागतो, तो त्याला मान्य आहे. चुलत्यांचे प्रत्युत्तर तयार होते आणि ते पोकळ नव्हते: ज्या वचनांनी कर्नेल्याचे तारण होणार होते, ती सांगायला देवदूताच्या आज्ञेने पेत्राला बोलवावेच लागले. हे खरे आहे. परंतु पेत्र येण्यापूर्वीच कर्नेल्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापर्यंत पोहोचले होते, हेही तोच देवदूत सांगतो.

मग चुलते म्हणाले, "तिने तर ऐकलेही होते. नाताळला आपल्याकडे येत होती, गीते ऐकत होती." हा मुद्दा मला आजही मान्य नाही. भिंतीपलीकडून ऐकू आलेली गीते आणि ताटातल्या करंज्या म्हणजे सुवार्ता, ख्रिस्ताचा तारणाचा संदेश, नव्हे. चुलते स्वतः अक्कांशी कधी दोन शब्द बोलले नव्हते. ज्याने सांगायचे त्याने सांगितले नाही, याचा दोष अक्कांच्या माथी कसा येतो? चुलत्यांचे आजोबा दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या अनाथाश्रमात आले आणि तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची आई त्याआधीच उपासमारीने गेली होती. मी विचारले, "काका, तिचे काय?" ते म्हणाले, "तिचे देव जाणे." रक्ताच्या माणसाचा निकाल देवावर सोपवायचा आणि शेजारणीचा स्वतः द्यायचा, हे शास्त्र नव्हे.

मंडळ्यांमध्ये याविषयी एकमत नाही. 1646 सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका श्रद्धा-जाहीरनाम्याने, ही वाट स्पष्टपणे बंद केली. 1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेने सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागू पाहतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते असे म्हटले. मी कॅथलिक नाही, तरी येथे मला परिषदेचे म्हणणे शास्त्राच्या अधिक जवळचे वाटते. याचा अर्थ सगळेच तरतील किंवा सुवार्ता सांगण्याची गरज उरली नाही, असा कोणी घेऊ नये. ती सांगितली नाही तर माझी दुर्दशा होवो, असे पौलच म्हणतो.

आपल्यासमोर कोणी एखाद्या मृताविषयी असा निकाल देऊ लागले, तर त्याला मत्तयाचा 25 वा अध्याय वाचायला सांगावे. तेथे न्यायाच्या वेळी उजवीकडचे लोक राजालाच विचारतात, की आम्ही तुला आजारी केव्हा पाहिले. राजा म्हणतो, की माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकासाठी केले ते माझ्यासाठीच केले. चुलत्यांच्या मते त्या अध्यायातील "कनिष्ठ बंधू" म्हणजे केवळ ख्रिस्ताचे अनुयायी. तसे धरले तरी माझी आई ख्रिस्ताची अनुयायी होती, ती आजारी होती, आणि तिच्या उशाशी अक्का आल्या होत्या.